असण्यामागचे नसणे : तिसऱ्या शतकातील चीन आणि ताओ विचाराचे पुनरुज्जीवन

इ.स. २४०च्या दशकात वेई राज्याची राजधानी लोयांग येथे विद्वानांची सर्वांत मानाची बैठक भरे ती हो यानच्या घरी. हो यान हा नेमणुकांचे खाते सांभाळणारा मंत्री होता आणि त्याच्याकडे पाहुण्यांचा राबता असे. एकाने पक्ष मांडायचा, दुसऱ्याने तो खोडायचा, बाकीच्यांनी ऐकायचे, अशी तिथली रीत होती. एकदा विशीही न गाठलेला वांग बी नावाचा मुलगा तिथे आला. त्या दिवशीच्या वादात बिनतोड ठरलेले मुद्दे हो यानने त्याच्यापुढे ठेवले आणि यात आणखी काही काढता येते का ते पाहा, असे सुचवले. वांग बीने ते मुद्दे एकामागोमाग एक खोडले. सभा निरुत्तर झाली, तेव्हा त्याने स्वतःच पूर्वपक्ष घेतला, स्वतःच उत्तरपक्ष घेतला आणि एकट्यानेच वादाच्या कित्येक फेऱ्या करून दाखवल्या.

पाचव्या शतकातल्या ‘शिश्वो शिन्यू’ या किस्से-आख्यायिकांच्या संग्रहात हा प्रसंग येतो. याच संग्रहात असेही सांगितले आहे की, हो यान स्वतः ‘लाओ त्से’ या ताओ ग्रंथावर भाष्य लिहीत होता, पण वांग बीचे भाष्य पाहिल्यावर त्याने आपले काम बाजूला ठेवले आणि दोन निबंधांवर समाधान मानले. सत्तेच्या शिखरावर बसलेल्या माणसाने एका पोरासमोर आपली लेखणी थांबवली. त्या काळी विचाराला केवढी किंमत होती, हे यावरून कळते.

या मंडळींनी जी विचारधारा उभी केली तिला चिनी परंपरेत ‘श्वानश्वे’ म्हणजे गूढाची विद्या म्हणतात. पाश्चात्त्य अभ्यासकांनी तिला नव-ताओवाद असे नाव दिले. या नावामुळे एक गैरसमज होतो. कन्फ्यूशियसला सोडून हे लोक लाओ त्सेच्या गोटात गेले, असे वाटू लागते. प्रत्यक्षात हो यानच्या देखरेखीखाली कन्फ्यूशियसच्या ‘संवादां’वरचा एक महत्त्वाचा भाष्यसंग्रह तयार झाला. वांग बीच्या लेखी सर्वश्रेष्ठ ज्ञानी पुरुष कन्फ्यूशियसच होता. कन्फ्यूशियसने घालून दिलेली मर्यादा ज्या पायावर उभी असायला हवी तो पाया ढासळला आहे, हे या पिढीने डोळ्यांनी पाहिले होते. त्या पायाचा शोध घेत ते ताओकडे गेले. हा शोध अवघे एक शतक जोरात चालला आणि तो करणाऱ्यांपैकी काहींना त्याची किंमत जिवाने मोजावी लागली.

मर्यादा पोकळ का झाली?

हान घराण्याने मधला थोडा खंड वगळता सुमारे चारशे वर्षे राज्य केले. इ.स.पू. १२४मध्ये राजधानीत राजविद्यापीठ स्थापन झाले आणि कन्फ्यूशियस परंपरेचे पाच अभिजात ग्रंथ हा राज्यकारभाराचा कणा बनला. आकाश, ऋतू, दिशा, रंग, स्वर, शरीराचे अवयव आणि राजाचे वर्तन यांचा एकमेकांशी मेळ आहे, असे त्या काळचे विद्वान मानत. भूकंप झाला की राजाचे काही चुकले, असे समजले जाई.

याच व्यवस्थेत माणसांना ‘आईवडिलांचा आज्ञाधारक आणि सचोटीचा’ अशी शिफारस मिळवून सरकारी वाटेवर पाऊल ठेवता येई. मातृपितृभक्ती ही नोकरीची पात्रता ठरली आणि तिचे प्रदर्शन सुरू झाले. नाव एक, वागणे दुसरे, ही तक्रार हानच्या अखेरच्या काळातल्या लेखनात पुन्हा पुन्हा ऐकू येते. १८४मध्ये ‘पिवळ्या फेट्यां’चा उठाव झाला, १९०मध्ये लोयांग जाळले गेले आणि २२०मध्ये हान घराणे संपले. त्याच्या दहा वर्षे आधीच सेनापती त्साओ त्साओने फर्मान काढले होते की माणूस निवडताना फक्त त्याची कुवत पाहा. शिफारशींच्या सद्‌गुणांवरचा राज्यकर्त्यांचाच विश्वास उडाला होता, त्याची ही कबुली होती.

चारशे वर्षांचे होत्याचे नव्हते झाले, तेव्हा प्रश्न उभा राहिला : बाप-लेक, राजा-प्रजा, गुरू-शिष्य ही नाती आणि त्यांची कर्तव्ये कोणत्या आधारावर टिकतात? चिनी भाषेत या मर्यादेला ‘मिंगज्याओ’ म्हणत. तिच्यासमोर दुसरी संकल्पना उभी केली गेली ती ‘त्झरान’ची, म्हणजे आपसूकपणाची, सहजतेची. माणूस सहजपणे जसा आहे आणि समाज त्याला जसा वागायला लावतो, या दोहोंचे नाते काय? श्वानश्वेची सारी खटपट या एका प्रश्नाभोवती फिरते.

वांग बी : न वापरलेली पन्नासावी काडी

वांग बीचा जन्म २२६चा. हानकाळातला नामवंत पंडित त्साय योंग याचा मोठा ग्रंथसंग्रह वांग घराण्याकडे आला होता आणि पुढे तो वांग बीच्या वडिलांच्या हाती पडला. म्हणजे पोरवयातच त्याच्या भोवती त्या काळचे एक उत्तम ग्रंथालय होते.

त्याचा मुख्य युक्तिवाद असा : जी वस्तू गरम आहे ती थंड असू शकत नाही, जो स्वर एका पट्टीचा आहे तो दुसऱ्या पट्टीचा नसतो. आकार असणे म्हणजेच बाकीच्या आकारांना मुकणे. मग यच्चयावत वस्तूंचे जे मूळ आहे त्याला स्वतःचा आकार, रंग, नाव असून चालणार नाही. ते काहीही ‘असले’, तर फक्त तेवढेच असेल आणि बाकीच्यांचे मूळ होऊ शकणार नाही. म्हणून वांग बी त्या मुळाला ‘वू’ म्हणजे ‘नसणे’ म्हणतो. हे नसणे म्हणजे रिकामी पोकळी नव्हे. प्रत्येक असण्याला वाव देणारा तो आधार आहे.

हा विचार किती वेगळा होता हे ‘यी चिंग’ या शकुनग्रंथाच्या एका बारीकशा तपशिलात दिसते. कौल लावताना काड्या घेतात त्या पन्नास, पण वापरतात एकोणपन्नास. एक काडी बाजूला ठेवतात. पन्नासच का? हान काळातल्या जिंग फांगने हिशेब जुळवला होता : दिवसांची चक्रनामे दहा, प्रहरांची बारा आणि नक्षत्रे अठ्ठावीस, एकूण पन्नास. हानकालीन पांडित्याचा हा नमुना म्हणावा. आकाशातले सगळे मोजून मुठीत बसवायचे. वांग बीची नजर मात्र बाजूला ठेवलेल्या त्या एका काडीवर गेली. ती वापरात नाही, म्हणूनच बाकीच्यांचा वापर शक्य होतो, असे त्याने सांगितले. ती मोजणीत येत नाही, पण मोजणी तिच्यामुळे पुरी होते. मोजदादीत रमलेल्या विद्वत्तेला त्याने एका वाक्यात तत्त्वज्ञानाकडे वळवले.

‘यी चिंग’मधल्या ‘फू’ म्हणजे ‘परतणे’ या आकृतीबद्दलही तसेच. पाच तुटक रेषांच्या तळाशी एकच अखंड रेषा, असे तिचे रूप आहे. हालचाल थांबते तेव्हा जी स्तब्धता उरते ती हालचालीची विरोधक नसून तिचे मूळ आहे, म्हणून परतणे म्हणजे त्या स्तब्धतेकडे परतणे, असा अर्थ वांग बीने लावला. आठशे वर्षांनंतर सोंग काळातल्या छंग यीने याला विरोध केला आणि विश्वाचे हृदय हालचालीच्या आरंभात दिसते असे मांडले. एका तळरेषेचा वाद इतकी शतके जिवंत राहिला.

मग मर्यादेचे काय? वांग बीचे म्हणणे होते की पदे, नाती, विधी यांची गरज आहेच, पण ती सहजतेतून उगवायला हवीत. मूळ जपले तर फांद्या आपोआप वाढतात. मूळ सोडून नुसता सदाचार पिकवू गेले की दांभिकपणाच पिकतो. राज्यकर्त्याने स्वतःची आवडनिवड बाजूला ठेवली, तरच प्रजेला आपापल्या परीने वाढायला जागा मिळते.

त्याला कोणीतरी पेचात पकडणारच होते. पेई ह्वे या वयस्क विद्वानाने विचारले की हे नसणे जर सर्वांचे मूळ आहे, तर कन्फ्यूशियस त्याबद्दल कधी का बोलला नाही आणि लाओ त्से मात्र अखंड का बोलत राहिला? वांग बीच्या उत्तराचा आशय असा : कन्फ्यूशियस त्या नसण्याशी एकरूप झाला होता आणि ते शब्दांत शिकवता येत नाही हे जाणून होता, म्हणून तो असण्याबद्दल बोलला. लाओ त्से अजून असण्याच्या कक्षेतून पुरता सुटला नव्हता, म्हणून आपल्याकडे जे कमी पडते त्याविषयी तो बोलत राहिला. या उत्तराने दोन्ही परंपरा एका सूत्रात ओवल्या गेल्या. लाओ त्सेचे तत्त्वज्ञान घ्यायचे आणि त्याचा पूर्ण आविष्कार कन्फ्यूशियसच्या आयुष्यात पाहायचा.

हो यान आणि वांग बी यांचे सगळे जमत होते असेही नाही. ज्ञानी माणसाला भावना नसतात, असे हो यान म्हणे. वांग बीला ते पटत नव्हते. ज्ञानी माणसालाही सुखदुःख होतेच, तो त्यात अडकत नाही इतकेच, असे त्याने मांडले.

२४९च्या आरंभी सम्राट आणि त्याचा कारभारी त्साओ श्वांग हे दोघे आधीच्या सम्राटाच्या समाधीच्या दर्शनासाठी शहराबाहेर पडले. आजारपणाचे सोंग घेऊन घरी बसलेल्या सिमा यी या म्हाताऱ्या सेनानीने तेवढ्यात राजधानीचे दरवाजे ताब्यात घेतले. त्साओ श्वांगचा आणि त्याच्या गटातल्या हो यानचा शिरच्छेद झाला. त्याच वर्षी शरद ऋतूत वांग बी साथीच्या रोगाने गेला. तो तेवीस वर्षांचा होता.

जी कांग : मर्यादेपलीकडे

सिमा घराण्याने सत्ता बळकावली ती कन्फ्यूशियसच्या नावाने. मातृपितृभक्तीचे गोडवे गायले जात होते आणि २६०मध्ये याच घराण्याच्या माणसांनी तरुण सम्राटाला राजधानीच्या रस्त्यात भोसकले. अशा वेळी ‘मर्यादा सहजतेतून उगवते’ हे वांग बीचे समजूतदार म्हणणे कोणाच्या गळी उतरणार?

जी कांगला ते उतरले नाही. २२३ साली जन्मलेला हा उंचापुरा, देखणा माणूस ‘छिन’ हे तंतुवाद्य वाजवण्यात निष्णात होता. त्याची बायको वेईच्या त्साओ राजघराण्यातली, त्यामुळे सिमा मंडळींचा त्याच्यावर डोळा होताच. तो आवडीने लोहारकाम करी. झाडाखाली भट्टी पेटलेली असे आणि ‘च्वांग त्से’ या ताओ ग्रंथावर भाष्य लिहिणारा त्याचा मित्र श्यांग श्यू भाता चालवी. सिमांच्या मर्जीतला झोंग ह्वे हा उमराव एकदा लवाजम्यासह भेटायला आला, तेव्हा जी कांगने हातोडा थांबवला नाही. तो अपमान झोंग ह्वे विसरला नाही.

मर्यादेच्या पलीकडे जाऊन सहजतेच्या हाती स्वतःला सोपवावे, हे जी कांगचे सूत्र होते. पण त्याला नुसता बंडखोर म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तो काटेकोर तर्क करणारा लेखक होता. ‘स्वरांत ना दुःख ना आनंद’ हा त्याचा निबंध संवादरूपात आहे. राज्याच्या संगीतावरून राज्याची नीती कळते, हे जुने मत त्यातला पाहुणा मांडतो. यजमान उत्तर देतो की एकच सूर ऐकून एक जण रडतो, दुसरा हसतो. म्हणजे रडू आणि हसू ऐकणाऱ्यात आधीपासून आहे. स्वरांत असते ती लय, मेळ आणि चढउतार. वरवर हा संगीताचा वाद आहे. पण यामुळे संगीत आणि विधी यांच्या आधारे प्रजेच्या मनाला वळण लावण्याचा राज्याचा दावाच मोडीत निघतो.

त्याचा मित्र शान ताओ याने आपल्या सरकारी पदासाठी त्याचे नाव सुचवले, तेव्हा जी कांगने मैत्री तोडणारे पत्र लिहिले. सकाळी उशिरापर्यंत लोळायला आवडते, अंगावरच्या उवा खाजवताना दरबारी पोशाखात ताठ बसणे जमणार नाही, अशी कारणे त्यात आहेत. पण खरा स्फोटक मजकूर पुढे आहे. जुनी राजघराणी उलथून नवी स्थापणाऱ्या तांग आणि वू या पूज्य राजांना आपण नावे ठेवतो, असे त्याने त्यात लिहिले. आता सत्ता हाती असलेला सिमा झाओ नेमका तोच उद्योग करायच्या बेतात होता. त्याने पत्रातली ही मेख बरोबर ओळखली.

पुढे ल्यू आन या मित्राच्या बाजूने साक्ष द्यायला जी कांग उभा राहिला, त्याच प्रकरणात तो अडकवला गेला आणि झोंग ह्वेने त्याच्याविरुद्ध कान भरले. २६२च्या सुमारास लोयांगच्या पूर्वेकडच्या बाजारात त्याला मारण्यात आले. राजविद्यापीठाच्या तीन हजार विद्यार्थ्यांनी त्याला आमचा गुरू करा असा अर्ज केला, तो फेटाळला गेला. शेवटी त्याने छिन मागवून ‘ग्वांगलिंग सान’ ही रचना वाजवली, अशी परंपरा सांगते.

याच सुमारास कवी रुआन जीने दुसरा मार्ग धरला. सिमा घराण्याकडून सोयरिकीचा निरोप येणार हे दिसताच तो सलग साठ दिवस दारूच्या धुंदीत राहिला. बोलणी करायला आलेल्याला तोंड उघडण्याची संधीच मिळाली नाही. होकार देणे त्याला नको होते आणि नकार जिवावर बेतला असता. जी कांग, रुआन जी, शान ताओ, श्यांग श्यू, ल्यू लिंग, रुआन श्यान आणि वांग रोंग यांना पुढच्या पिढ्यांनी ‘वेळूच्या बनातले सात सज्जन’ असे नाव दिले. नानजिंगजवळ शीशानछ्याओ येथे १९६० साली सापडलेल्या एका थडग्यात त्यांची विटांवर उठवलेली चित्रे आहेत. दोन भिंतींवर चार-चार आकृत्या, प्रत्येकीशेजारी नाव, मध्ये झाडे. जी कांग मांडीवर छिन घेऊन बसला आहे. आठवी जागा भरायला प्राचीन काळचा रोंग छीछी हा समाधानी म्हातारा बसवला आहे. राजसत्तेने गुन्हेगार म्हणून मारलेला माणूस दीड-दोनशे वर्षांत उमरावांच्या थडग्याचे भूषण झाला होता.

आणि तरीही जीवनाने या साऱ्या भूमिकांना ओलांडले. ज्याच्याशी मैत्री तोडली त्याच शान ताओच्या भरवशावर जी कांगने आपला दहा वर्षांचा मुलगा सोडला. शान ताओने पुढे त्या मुलाला, जी शाओला, सिमांनीच स्थापलेल्या जिन घराण्याच्या दरबारात पद मिळवून दिले. ३०४मध्ये यादवीच्या रणधुमाळीत सम्राटावर बाण पडू लागले तेव्हा सगळे पळाले; जी शाओने सम्राटाला आपल्या देहाआड घेतले आणि तिथेच प्राण सोडला. बापाने मर्यादा नाकारून जीव दिला, मुलाने मर्यादा पाळून दिला. दोघांच्या वागण्यात खोट काढता येत नाही. म्हणूनच मर्यादा की सहजता, असा एका बाजूने निकाल लावणे कठीण होते.

ग्वो श्यांग : सावलीचीही स्वतंत्रता

तिसऱ्या शतकाच्या शेवटी वारे फिरले. पेई वेई या मंत्र्याने ‘असण्याचा आदर’ हा निबंध लिहून नसण्याच्या स्तोमावर हल्ला केला. नसण्याचा गौरव करता करता लोक कामधाम, विधी, जबाबदारी सोडू लागले आहेत आणि निव्वळ नसण्यातून काही उपजूही शकत नाही, असा त्याचा रोख होता.

हा शेवटचा मुद्दा ग्वो श्यांगने उचलला आणि फार दूर नेला. श्यांग श्यूच्या अपुऱ्या राहिलेल्या कामावर आधारलेले त्याचे ‘च्वांग त्से’चे भाष्य हे या परंपरेचे दुसरे शिखर. त्याने श्यांग श्यूचे काम चोरले असा आरोप जुन्या काळीच झाला होता आणि कोणाचा वाटा किती, यावर आजही वाद चालतो.

नसणे म्हणजे खरोखरच काही नसणे; ते कशाला जन्म देणार? आणि असणेही दुसऱ्या असण्याला मुळापासून घडवू शकत नाही. मग वस्तू येतात कुठून? ग्वो श्यांगचे उत्तर आहे : त्या आपल्या आपणच होतात. कर्ता नाही, निर्माता नाही. ‘च्वांग त्से’त सावलीच्या कडेची फिकट छाया सावलीला विचारते की तू स्वतःच्या मर्जीने का हलत नाहीस? सावली देहावर अवलंबून, देह आणखी कशावर, अशी साखळी आपण लावू लागतो. ही साखळी मागे मागे नेत गेले की शेवटी हाती काही लागत नाही, म्हणून ती फिकट छायासुद्धा आपल्या आपण घडते, असे ग्वो श्यांग म्हणतो. वस्तू एकमेकींच्या संगतीने असतात, पण एकीने दुसरीला ओढून आणलेले नसते.

यातून मर्यादेच्या प्रश्नाला त्याने धक्कादायक उत्तर दिले. बैलाचे चार पाय ही निसर्गाची देणगी आणि त्याच्या नाकातली वेसण ही माणसाची करणी, असा भेद ‘च्वांग त्से’ करतो. ग्वो श्यांग म्हणतो की वेसण माणसाने घातली, तरी ती मुळात बैलाच्या स्वभावाला धरूनच आहे. राज्य, पदे, श्रमविभागणी हे सगळे त्याच्या मते सहजतेचेच रूप झाले. ज्ञानी पुरुष दरबारात बसलेला असला तरी मनाने डोंगरातच असतो; अरण्यात पळण्याची गरज नाही.

या विचाराचे मोठेपण आणि धोका दोन्ही इथेच आहेत. प्रत्येक जीव आपल्या मापाने पूर्ण आहे, महाकाय फंग पक्षी आणि कुंपणावर उडणारी चिमणी दोघेही आपापल्या जागी मुक्त आहेत, ही दृष्टी फार उदार आहे. पण नोकराने नोकरपणात समाधान मानावे, हेही तिच्यातूनच निघते आणि ग्वो श्यांगने ते स्पष्ट लिहिले आहे. तो स्वतः एका राजपुत्राच्या पदरी राहून बडा अधिकारी बनला आणि अधिकार गाजवल्याबद्दल लोकांच्या टीकेचा धनी झाला. वेसणीला निसर्ग म्हणणारा माणूस वेसण कोणाच्या हातात आहे हे विचारत नाही, तेव्हा तत्त्वज्ञान सत्तेच्या सोयीचे होते. इथे जी कांगची आठवण व्हायला हवी.

दोषी कोण?

२९१ ते ३०६ अशी पंधरा वर्षे जिन घराण्यातले आठ राजपुत्र आपसांत लढले. ३११मध्ये उत्तरेकडच्या सैन्याने लोयांग लुटले. ग्वो श्यांग त्याच सुमारास, ३१२मध्ये वारला. शुभ्र जेडच्या दांड्याची चवरी हातात घेऊन शून्यावर बोलणारा महामंत्री वांग यान पकडला गेला. राजकारणात मला कधी रस नव्हता, असा बचाव त्याने विजेत्या शी लसमोर केला. आयुष्यभर सर्वोच्च पदे भोगणाऱ्याच्या तोंडी हे शोभत नाही, असे शी लने सुनावले आणि रात्री त्याच्यावर भिंत पाडून त्याला मारले.

देश बुडाला तो या पोकळ गप्पांमुळे, ही समजूत तेव्हापासून रूढ झाली. चौथ्या शतकातल्या फान निंगने तर वांग बी आणि हो यान यांचा अपराध पुराणकाळातल्या जुलमी राजांहून मोठा ठरवला. मला हा निवाडा मान्य नाही. देश बुडवला तो सत्तेसाठी एकमेकांचे गळे कापणाऱ्या राजपुत्रांनी. वांग यानचा दोष होता तो पद घेऊन काम न करण्याचा आणि त्या दोषावर तर वांग बीचेही मूळ-फांद्यांचे तत्त्व नेमके बोट ठेवते.

पुढे काय उरले?

जिन दरबार ३१७मध्ये दक्षिणेला, आजच्या नानजिंगला गेला आणि चर्चाही त्याच्याबरोबर गेल्या. तिथे बौद्ध भिक्षू या वादांत उतरले. झी दुन या भिक्षूने ‘च्वांग त्से’तल्या मुक्तीचा ग्वो श्यांगहून वेगळा अर्थ लावला : ज्याला त्याला आपापल्या स्वभावात समाधान ही जर मुक्ती, तर क्रूर माणूसही मुक्तच म्हणावा लागेल. वर्मावर घाव घालणारा हा आक्षेप होता. ४०१मध्ये बौद्ध ग्रंथांचा भाषांतरकार कुमारजीव छांगआन शहरात पोहोचला आणि नागार्जुनाच्या शून्यवादाचे ग्रंथ चिनी भाषेत आले, तेव्हा ते समजून घ्यायला असण्या-नसण्याच्या वादावर दीडशे वर्षे घासलेली बुद्धी तयार होती. कुमारजीवाचा शिष्य सेंगझाओ तरुणपणी लाओ त्से आणि च्वांग त्से वाचूनच घडला होता. भारतातून गेलेला शून्याचा विचार चीनमध्ये रुजला, त्या जमिनीची मशागत श्वानश्वेने केली होती.

४३८मध्ये ल्यू सोंग घराण्याच्या सम्राटाने राजधानीत चार विद्यालये उभारली आणि कन्फ्यूशियस परंपरा, इतिहास आणि साहित्य यांच्या बरोबरीने श्वानश्वेला स्वतंत्र स्थान दिले. त्याहून टिकाऊ ठेवा ग्रंथांचा आहे. १९७३मध्ये मावांगद्वे येथे रेशमावर लिहिलेल्या लाओ त्सेच्या फार जुन्या प्रती सापडेपर्यंत जगाने हा ग्रंथ मुख्यतः वांग बीच्या भाष्यासोबत आलेल्या पाठातून वाचला. ‘च्वांग त्से’ आज तेहतीस प्रकरणांचा आहे, कारण ग्वो श्यांगने बावन्न प्रकरणांतून तेवढीच राखली. लाओ त्से वाचणारा वाचक नकळत त्या तेवीस वर्षांच्या मुलाचे बोट धरून चालत असतो.

नियम माणसाच्या आतून उगवला नसेल तर तो ढोंग होतो, हे वांग बीने दाखवले. ढोंगाला नाही म्हणण्याचा हक्क जी कांगने जीव देऊन राखला. ग्वो श्यांगने जगाला निर्मात्याशिवाय उभे केले आणि त्याच भरात आहे ते सगळे स्वाभाविक मानले. यातला एकही विचार सुटा घेतला तर अपुरा पडतो. सत्ता जेव्हा नीतीच्या भाषेत बोलू लागते, तेव्हा या तिघांना एकत्र वाचावे. त्या शंभर वर्षांचा खरा वारसा तिघांच्या या न संपलेल्या वादात आहे.